नखाला लागणारा ओरखडा

गाडीवरचा ओरखडा किती खोल आहे, हे नखानं कळतं. नख आडवं फिरवायचं. अडकलं नाही तर रबिंगची पेस्ट घासून काम भागतं. अडकलं तर रंग लावावा लागतो.

आमची गाडी जुनीच घेतलेली, डाळिंबी रंगाची. पडेगावला तेव्हा नुकतंच घर झालं होतं. चहूकडे प्लॉट पडत होते, वाळूचे ट्रक धावत होते आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. टँकरची वाट बघणाऱ्या गल्लीत गाडी धुवायची कुणाची छाती? मग मी कोरड्या फडक्यानं धूळ पुसायचो, त्या धुळीतली कच नवे ओरखडे पाडायची आणि ते बुजवायला पुन्हा मीच. घासायचा पाणीपेपर ओला केल्याशिवाय मात्र चालत नाही. भाजी धुतलेलं पाणी गाळून बायको तांब्याभर बाजूला ठेवायची.

"घ्या, तुमच्या लेकीची आंघोळ," म्हणायची.

शेजारचे काका कुंपणावरून विचारायचे, "काय हो, पार्लर उघडलं का?"

क्रांती चौकातून आणलेली रंगाची बाटली नेलपॉलिशएवढी होती. काडीचं टोक चावून मऊ करायचं, थेंब टेकवायचा, वाळू द्यायचा, परत थेंब. आतून कुकरच्या शिट्ट्या, रेडिओ, तिचं गुणगुणणं. अजून कुठं थिनरचा वास आला की मी तिथंच जाऊन उकिडवा बसतो.

गाडी ती माझ्यापेक्षा चांगली चालवायची. हे मी तेव्हा कधी म्हटलं नाही. तिची आई खुलताबादला एकटी राहायची. दर रविवारी पिण्याच्या पाण्याचा कॅन मागच्या सीटवर ठेवून ही निघायची. वाटेत दौलताबादच्या तटाचा तो दरवाजा, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. समोरून बस आली की भल्याभल्यांना घाम फुटतो. ही आरामात जाऊन यायची. आली की मी गाडीभोवती एक फेरी मारायचो.

"झाली का तपासणी?"

"नुसतं बघतोय."

"बघा, बघा. किल्ल्याचा चुना लागला असंल."

एका शनिवारी संध्याकाळी मी बाजारातून येत होतो. रस्ता रुंद करायला एक भिंत अर्धी पाडून ठेवली होती. तिची बाहेर आलेली सळई मागच्या दारावर कर्रकन ओढली गेली. उतरून नख फिरवलं. अडकलं. घरी काही बोललो नाही. सकाळी बुजवू, म्हटलं. सकाळी उठून बघतो तर ही गाडी घेऊन आईकडे गेलेली.

दुपारी परत आली आणि फाटकातूनच तिनं हाक मारली. "अहो, इकडं या. हे बघा काय झालं!" मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "दरवाजातच घासली असंल. बस आली होती समोरून."

"असू दे," मी म्हणालो. "बुजवतो."

खोटं कुठं बोललो, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला समजावत राहिलो.

मी पेपर घासत होतो, ती पायरीवर बसून होती. "मला आवाजच आला नाय हो," ती म्हणाली. "एवढं दार खरवडलं आणि मला पत्ता नाय. उद्या एखादं माणूस घासलं गेलं तर?"

सांगायची हीच वेळ होती. मी काडी बाटलीत बुडवली.

पुढच्या रविवारी ती एसटीनं गेली. "अगं, ने की गाडी," मी एकदोनदा म्हटलं. "नको. माझा मलाच भरवसा नाय." मग मी सोडायला जायला लागलो. पण मी तासाभरात घड्याळ बघणारा माणूस. आईजवळ पाय पसरून दुपारभर बोलत बसणं तिचं संपलं. काही वर्षांनी आईही गेली. हिनं पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

ती गाडी विकून जमाना झाला. या उन्हाळ्यात एका लग्नाला त्याच रस्त्यानं निघालो होतो. दरवाजा आला तशी शेजारी बसलेल्या तिनं पदर मुठीत गच्च धरला. मी कमान ओलांडली, गाडी कडेला घेतली आणि सांगून टाकलं. सळई, शनिवार, सगळं.

ती मागच्या काचेतून कमानीकडे बघायला लागली.

"म्हणजे मी नीट काढली होती गाडी," ती म्हणाली. मला नव्हे, स्वतःलाच. "बसवाला केवढा पुढं घुसला होता. तरी नीट काढली होती."

"हो."

मग तिनं माझ्याकडे मान वळवली.

"आणि मी तिथं पायरीवर बसले होते, अन् तुम्ही रंग लावत बसलात."