वडिलांसाठी वेगळी पाई

उकडलेल्या बटाट्यावर लोणी पडले की जो दुधाळ वास सुटतो, त्याने मला दारव्ह्याच्या सासरचे एक दुपारचे जेवण आठवते. चिकन पाईसाठी बटाटे गरम असतानाच कुस्करावेत, म्हणजे गाठी राहत नाहीत; मी तसेच केले होते. खाली दाट रश्श्यात हाडासकट शिजवलेली कोंबडी, वर बटाट्याचा जाड थर, आणि ओव्हनमध्ये त्याला आलेला तांबूस रंग. त्या दिवशी माझे वडील लग्नानंतर प्रथमच जेवायला आले होते. ते माळकरी, मांस वर्ज्य. म्हणून त्यांच्यासाठी मी गाजर-वाटाण्याची, वरून अगदी तशीच दिसणारी पाई वेगळ्या भांड्यात भाजली होती. मी पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात दिरांनी त्यांना कोंबडीचीच वाढली. "घ्या ना मामाजी, आलूच तं आहे!" मी परतले तेव्हा वडिलांच्या बोटांत एक बारीक हाड होते. "काहून थांबले? आता माळ टांगा खुंटीले," दीर म्हणाले, आणि सगळी पंगत हसली, माझे पतीही. वडिलांनी तुळशीची माळ उतरवून खिशात ठेवली. मुलीच्या हातचे अन्न टाकले असे कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी ताट पूर्ण संपवले आणि मला म्हणाले, "चांगलं झालं बाई, मीठ बरोबर हाये." त्यानंतर ते आमच्याकडे कधी जेवले नाहीत, आणि माळही त्यांनी पुन्हा घातली नाही. दीर मात्र दर दिवाळीला येतात, हाच पदार्थ हौसेने मागतात, आणि मी तो करून वाढते.