टेपबाई आणि बसची पायरी

राष्ट्रीय सभागृहात शिरण्याच्या पहिल्याच दिवशी दारावरच्या पहारेकऱ्याने नव्या सदस्य बाईंना अडवलं आणि पिशवी उघडायला लावली. आत चष्मा, जेवणाचा डबा, खडूचा तुकडा आणि कापड मोजायची टेप निघाली. पहारेकऱ्याने टेप उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"ही कशाला, बाई?"

"सवय."

दुपारपर्यंत ही गोष्ट सदस्यांच्या जेवणघरात पोचली आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं बारसं होऊन गेलं. पुढची चौदा वर्षं त्या टेपबाईच राहिल्या. विरोधक ते नाव हसून घेत, स्वपक्षाचे लोक जरा सांभाळून घेत. बाईंना दोन्ही चालायचं. शिवणकामाच्या दुकानातून आलेल्या बाईला टेपबाई नाही म्हणायचं, तर काय राजदूत म्हणायचं?

दुकान त्यांच्या सासरचं. दोन मशिनं, एक आरसा, एक पडदा आणि पडद्यामागे उभं राहण्यापुरती जागा. नवरा बस चालवायचा. दुकान चालवायच्या मोठ्या नणंदबाई, वन्सं. वन्संनी लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी विचारलं तर त्या तोंडातल्या टाचण्या न काढताच उत्तर द्यायच्या, त्यामुळे उत्तर कोणालाच कळायचं नाही. दुकानात त्यांचा एक नियम होता. कापण्यात चूक झाली, तर गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहायच्या आत त्याला सांगायची. नंतर सांगितली तर ती चूक राहत नाही, लबाडी होते.

राजकारण या दुकानात आलं ते उसवलेल्या कडांच्या वाटेने. दुरुस्तीला येणाऱ्या झग्यांकडे बाईंचं लक्ष गेलं. कड उसवलेली डाव्या बाजूला, गुडघ्याखाली, सगळ्यांची साधारण एकाच जागी. पुरुषांच्या पँटी यायच्या त्या मागून फाटलेल्या. बाई प्रत्येकाला विचारू लागल्या, "कुठे फाटलं?" उत्तर ठरलेलं. बसमध्ये चढताना.

एका सुट्टीच्या दिवशी त्या नवऱ्याबरोबर डेपोत गेल्या आणि जमिनीपासून पहिल्या पायरीपर्यंत टेप धरली. सोळा इंच.

"पायरी ठीक आहे गं," नवरा म्हणाला. "लोकांनाच घाई असते."

"बरं. मग उद्या सासूबाईंना चढवून दाखवा."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने आपल्या बसच्या दाराशी एक लाकडी खोकं ठेवलं. प्रत्येक थांब्यावर उतरायचं, खोकं ठेवायचं, म्हाताऱ्या माणसांना चढवायचं, खोकं उचलायचं. आठवड्याभराने डेपोच्या साहेबांनी ते जप्त केलं. बस सहा मिनिटं उशिरा पोचत होती. बाई नगरपालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या त्या या खोक्यापायी, आणि एकसष्ट मतांनी निवडून आल्या.

तिथे गेल्यावर कळलं की बस कुठे थांबावी एवढंच नगरपालिका ठरवते. बस कशी असावी ते देश ठरवतो. "मग देशाकडे जायचं कसं?" त्यांनी कारकुनाला विचारलं. त्याने थट्टेने छताकडे बोट दाखवलं. बाईंनी ते मनावर घेतलं.

पहिल्या राष्ट्रीय निवडणुकीत त्या सपाटून पडल्या. दुसऱ्या वेळी प्रतिस्पर्ध्याने भर सभेत विचारलं, ही बाई तिथे जाऊन काय बटणं लावणार का? बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच मैदानात उत्तर दिलं. "लावीन की! त्यांच्या कोटाचं वरचं बटण दोन महिने तुटलंय, तिथूनच सुरुवात करते." लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ऐकायला आलेल्या प्रतिस्पर्ध्याचा हात आपोआप कोटाकडे गेला असं पाहणारे सांगतात. बाई निवडून आल्या.

सभागृहात त्यांची जागा शेवटच्या रांगेत, खांबाआड. अध्यक्षांना त्या दिसायच्या नाहीत, त्यामुळे बोलायची परवानगी मागताना टेपचं टोक हलवून दाखवावं लागायचं. चौदा वर्षांत त्यांनी टपालकचेऱ्यांत बसायला बाकं आणली, रुग्णालयांतल्या परिचारिकांची रजा वाढवून घेतली, समित्यांवर कामं केली. पण त्यांचं खरं काम एकच. बसची पहिली पायरी बारा इंचांहून उंच नसावी, असा एका पानाचा कायदा. मंत्र्यांखेरीज इतर सदस्यांची अशी विधेयकं शुक्रवारी दुपारी निघतात, तेव्हा निम्मं सभागृह गावी पोचलेलं असतं. दोनदा विधेयक चर्चेला आलंच नाही आणि सभागृहाची मुदत संपली तसं तेही संपलं. दौऱ्यावर जातील तिथे बाई बस मोजायच्या. तीनशे बारा बस मोजल्या. सरासरी सोळा इंच. वाहतूक मंत्रालयाचं लेखी उत्तर दरवेळी एकच यायचं, की बसची पायरी नियमानुसार चौदा इंच असून तक्रारीत तथ्य नाही.

तिसऱ्या मुदतीच्या शेवटच्या अधिवेशनात विधेयक तिसऱ्यांदा यादीत लागलं. बाई बासष्टच्या होत्या, गुडघे कुरकुरत होते, पुन्हा उभं राहायचं नाही हे ठरलेलं होतं. म्हणजे ही शेवटची संधी. भाषणात दाखवायला म्हणून त्यांनी दुकानातली टेप जवळच ठेवून घेतली, जिने पहिली बस आणि नंतरच्या सगळ्या बस मोजल्या होत्या ती. एरवी ती अधिवेशनापुरती आणि दौऱ्यापुरतीच त्यांच्या पिशवीत असायची आणि मग दुकानात परत जायची; तोवर वन्सं मापाची कामं थांबवून ठेवायच्या. या खेपेला अधिवेशन लांबलं. वन्संनी कुरकुरत स्वतःसाठी नवी टेप विकत घेतली.

शुक्रवारी सकाळी बाई भाषणाची पानं लावत होत्या, तेवढ्यात वन्संचा फोन आला.

"अगं, एक गडबड झालीय."

"बोला."

"या आठवड्यात तिघीजणी झगे परत घेऊन आल्या. घट्ट होतायत म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, तुम्ही सुटलायत. एकीला तर सांगितलं, बाई गं, जेवणावर जरा लगाम ठेव."

"वन्सं!"

"ऐक तर. आज चौथी आली. ती नुकतीच दुखण्यातून उठलीय, नुसती काडी झालीय. आणि तिलाही घट्ट! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वहीतली मापं जुन्या टेपची, कापलं नव्या टेपने. तुझ्याकडे पट्टी आहे का? लावून बघ त्या टेपला."

बाईंनी कार्यालयातून बारा इंची लोखंडी पट्टी मागवली आणि टेप शेजारी ठेवली. पट्टीचे बारा इंच संपले तेव्हा टेप साडेअकराच्या किंचित पुढे होती. तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या छातीभोवती, कमरेभोवती ओढली गेलेली कापडी टेप ताणून लांब झाली होती. दुकानात ते कधीच उघडकीला आलं नसतं. माप घ्यायचं याच टेपने, कापड बेतायचं याच टेपने. चूक दोन्हीकडे सारखीच, म्हणून कपडा अंगावर बरोब्बर बसायचा. बस मात्र कोणी बेतली नव्हती. ती नुसतीच मोजली होती.

"ऐकतेयस ना?" वन्सं म्हणाल्या. "माझं ऐक, आज गप्प बस. तासाभराचा तर प्रश्न आहे."

पण प्रश्न तेवढाच नव्हता. डेपोतल्या जुन्या मित्रांनी नवऱ्याला कळवलं होतं की गेल्या आठवड्यात मंत्रालयाची माणसं पोलादी टेप घेऊन बस मोजून गेली. म्हणजे मंत्र्याच्या फायलीत खरा आकडा होता. तीनशे बारा मापं आणि एकही बरोबर नाही, एवढं सिद्ध झालं की विधेयकाचा निकाल लागला. मात्र बाई गप्प राहिल्या आणि मंत्र्याने तो आकडा वापरला नाही, तर कोणाला काही कळणारही नव्हतं.

"वन्सं," बाई म्हणाल्या, "आरशासमोर उभं राहायच्या आत सांगायचं, हा नियम कोणाचा?"

"तो कपड्यांचा आहे गं."

"आणि त्या तिघींना काय सांगितलंत?"

"आत्ताच निरोप धाडते," वन्सं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुपारी साडेतीनला विधेयक पुकारलं गेलं. सभागृहात साठेक सदस्य, त्यांतले काही घड्याळाकडे बघत. बाईंनी लिहिलेलं भाषण पिशवीत ठेवलं, टेप आणि पट्टी बाहेर काढली.

"अध्यक्षमहोदय, मी या सभागृहाला चौदा वर्षं चुकीचे आकडे दिले. मुद्दाम नाही, पण दिले. माझी टेप ताणलेली आहे. आज सकाळी कळलं."

समोरच्या बाकांवर आधी विश्वासच बसला नाही, मग हशा फुटला. "टेपबाईंची टेपच खोटी!" कोणीतरी ओरडलं. वाहतूकमंत्री हसले नाहीत. त्यांच्यासमोर तीन पानांचं तयार भाषण होतं आणि त्यातलं पहिलं पान बाईंनी नुकतंच बोलून टाकलं होतं. ते उभे राहिले.

"सन्माननीय सदस्या स्वतःच कबूल करतायत, मग त्यांच्या मापांवर विश्वास ठेवायचा कसा?"

"ठेवूच नका," बाई म्हणाल्या. "तुमच्या माणसांनी गेल्या आठवड्यात पोलादी टेपने मोजलंय. तो आकडा सांगा, तो मला मान्य."

मंत्र्यांनी फाईल चाळली. खरंतर चाळायची गरज नव्हती, आकडा वरच होता. बाईंची मापं चुकीची ठरली या आनंदात, ती कोणत्या बाजूला चुकली हे बघायचं खात्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मंत्रिमहोदय, आकडा आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"आहे."

"मग सांगा."

"साडेसोळा."

"जरा मोठ्याने!" मागून आवाज आला, आणि तो मंत्र्यांच्याच पक्षाचा होता.

"साडेसोळा इंच!"

आता घड्याळाकडे कोणी बघत नव्हतं. बाई तोवर बसल्या नव्हत्या. "मी सोळा म्हणत होते, खातं चौदा म्हणत होतं. मी अर्ध्या इंचाने चुकले, माफी मागते. खातं अडीच इंचांनी चुकलं. त्यांची टेप मला एकदा बघायचीय."

अध्यक्षांनी हातोडा आपटला, पण हसू त्यांनाही आवरेना. पुढचा अर्धा तास सदस्य एकामागून एक उठून आपापल्या आईची, सासूची, आत्याची बसमध्ये चढतानाची हकिगत सांगत राहिले. शेवटी मंत्र्यांनी स्वतःच सांगितलं की सरकारचा विरोध नाही. आवाजी मतदानात 'नाही' म्हणणारा एकच निघाला. तो झोपेतून जागा झाला होता आणि त्याने नंतर दुरुस्ती केली.

बाई गावी परतल्या तेव्हा वन्संनी दारातच हात पुढे केला. "आधी टेप दे इकडे. तुझा देश झाला नीट, आता माझी वही. तीनशे माणसांची मापं या खोट्या टेपची आहेत. ही गेली तर सगळं गाव घट्ट होईल."

टेप पुन्हा दुकानातल्या खिळ्यावर गेली. वर्षभराने नव्या बस आल्या. पहिली थांब्यावर लागली तेव्हा बाईंनी नवी टेप घेऊन पायरी मोजली. पावणेबारा. नवरा शेजारी उभा होता. त्याने वर चढून दाखवलं, खाली उतरला, पुन्हा चढला. मागची रांग ओरडायला लागली तेव्हा थांबला.

दुकानात त्या सालापासून उसवलेल्या कडा येईनाशा झाल्या. वन्सं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात.

"हिने कायदा केला आणि माझं अर्धं काम गेलं. घरचाच माणूस निवडून दिला की असं होतं."

बाई दुसऱ्या मशिनवर बसलेल्या असतात. त्या मान वर करत नाहीत. त्यांच्यासमोर एका पँटीची दुरुस्ती असते, आणि ती कुठे फाटली हे त्या अजूनही विचारतात.