उपरण्याखालची मूठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढं बसूनसुद्धा नाही — म्हणजे बसायचो, पण तिथवर आलं की मनातल्या मनात विषय बदलायचो. देवाशी विषय बदलणारा माणूस मी! आता तुम्हीच ऐका.

बारामतीत स्टेशनाजवळ आमची भाजीपाल्याची अडत होती, वडिलांनी उभी केलेली. शेजारच्या गाळ्यात दत्तोबा. मोरगावकडून आलेला, मागं ना घराणं ना भांडवल. पण सणसरचा बागाईतदार माळव्याची, म्हणजे भाजीची, गाडी घेऊन आला की माझ्या दारावरून बैल पुढं हाकायचा आणि दत्तोबाच्या दारात सोडायचा. रोज. तुमच्या डोळ्यांदेखत रोज गाडी पुढं गेलीय कधी? बरं, माणूस वाईट असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. मेला चांगला होता! चहा मागवला की पहिला कप मला. तोही मी अर्धा ओतून द्यायचो.

तेव्हा अजून मुंबई राज्य होतं. गावात गाड्यांची गर्दी होते, म्हणून भाजीबाजार कऱ्हेपलीकडं हलवायचा, असं पालिकेत घाटत होतं. पावसाळ्यात नदी फुगली की माल पलीकडं आणि आगगाडी अलीकडं — आमचा धंदाच बसणार होता. आम्ही काय केलं? आपापल्या गाळ्यात बसून कुरकुरलो. एकटा दत्तोबा उठला. म्हणाला, “अरं, भाव आपून ठरवतो, पर आपल्या दारातला रस्ता तितं बसून ठरतोय. आन् आपून हितं तराजू पुसत बसायचं? त्यास्नी नदीचं कुणी सांगितलंच न्हाय, तर कळावं कसं?”

बरोबर होतं त्याचं. मला तेव्हाही कळत होतं — हे लक्षात ठेवा, पुढं सवलत देऊ नका. तो पालिकेच्या एका सभासदाच्या घरी गेला. सभेत व्यापाऱ्यांचा एक माणूस बोलू शकेल, असं कबूल करून घेऊन आला. आणि त्यांनी याला बसायला खुर्ची दिली म्हणे! त्याच घरी माझे वडील पायरीखाली उभे राहिलेले मी पाहिलेत. त्या खुर्चीनं माझी झोप उडवली.

आमच्यात भाव बोलून ठरत नसे. उपरण्याखाली हात घालायचा, बोटं दाबायची. कुणी काय सांगितलं ते दोघांतच. बाजाराचा मोठा निर्णयही तसाच व्हायचा. सगळ्यांत जुने अडते तात्या उपरणं हातावर टाकून बसायचे, एकेकानं हात घालायचा. होकार असेल तर तात्यांची बोटं दाबायची, नकार असेल तर मूठ मिटायची. एकसुद्धा मूठ मिटली तर सगळं रद्द. दुभंगलेला बाजार घेऊन सरकारदारी जायचं नाही, असा दंडक. आणि मूठ कुणाची, ते तात्यांनी कधी सांगायचं नाही.

सभेच्या आदल्या दिवशी सगळे जमले. दत्तोबानं आमच्या वतीनं जावं का, एवढाच सवाल. माझी पाळी आली. हात घालेपर्यंत — खरं सांगतो — होकारच द्यायचा होता. तेवढ्यात दत्तोबा माझ्याकडं बघून हसला. आपला माणूस म्हणून हसला. आणि मी मूठ मिटली.

तात्यांचा चेहरा हलला नाही. सगळ्यांचे हात झाल्यावर म्हणाले, “न्हाय जमायचं.” बस्स. कुणी गेलं नाही. सभेत नदीचा शब्द निघाला नाही, बाजार पलीकडं गेला. पालिकेला काय दोष द्यायचा? त्या पावसाळ्यात वांगी, टोमॅटो पलीकडच्या काठावर सडले — माझेही. सणसरच्या गाड्या दुसरीकडं वळल्या. आता त्या दत्तोबाच्या दारात सुटत नव्हत्या. यात मला बरं वाटलं का? वाटलं. दोन दिवस वाटलं.

पण मूठ कुणाची, हे शोधल्याशिवाय लोकांना चैन पडेना. भिकोबा नावाचा एक लहानसा अडत्या होता. दत्तोबाशी त्याचं एकदा हमालांवरून वाजलं होतं. झालं, नाव त्याच्यावर गेलं. दत्तोबा माझ्याच गाळ्यात बसून म्हणाला, “मूठ तुजी असती तर मला तोंडावर बोलला असतास.” मी म्हणालो, “व्हय.”

भिकोबाच्या उपरण्याखाली कुणी हात घालेना. मग भाव कुणाशी करायचा त्यानं? गाळा मोडून तो भवानीनगरला पहारेकऱ्याच्या नोकरीवर निघाला. जाताना सामानाची गाडी माझ्या दारात थांबवली. शेजारी सगळे उभे. मला म्हणाला, “लोकांचं जाऊ दे. तुला तरी पटतंय का, म्या न्हाय केलं?” डोळे भरले होते त्याचे. उत्तरासाठी थांबला होता तो.

मी म्हणालो, “देवाला ठाऊक, बाबा.”

त्यानं मान हलवली आणि बैल हाकले.