कालवण ढवळायचं नाही

आई गेल्यावर तेरावं उरकलं आणि मी तलासरीला माझ्या शाळेतल्या नोकरीवर परत गेले. बाबा धाकटी डहाणू गावातल्या घरात एकटे राहिले. मला रडू आलं नव्हतं, त्यांनाही नाही. लोक म्हणाले, धीराची माणसं आहेत. धीर वगैरे काही नव्हता. आत काही हलतच नव्हतं.

रविवारी सकाळच्या एसटीने मी घरी गेले, तर बाबा चहात बिस्किटं बुडवून खात बसलेले. शेजारच्या काकीने पाठवलेला डबा तसाच झाकलेला.

"दुसऱ्याच्या डब्यावर किती दिवस काढायचे?" ते म्हणाले. "मला शिकव, बाय."

बाबा तांडेल होते, मासेमारीची बोट त्यांच्या हुकमावर चालायची. बोटीवर रांधायचं काम खलाशाचं, घरी आईचं. मलाही आईने चुलीपाशी फारसं उभं केलं नव्हतं. अभ्यासाला बस म्हणायची. तलासरीत खोली घेऊन राहिल्यावर जे जमलं तेवढंच मला येत होतं.

सुरुवात बोंबलांपासून केली. बाबांनी ते सरळ तव्यावर टाकले आणि त्यांचा लगदा झाला. मग मी दाखवलं: बोंबील उभा चिरून उघडायचा, मीठ लावायचं, स्वच्छ फडक्यात ठेवून वर पाटा ठेवायचा. तासाभरात पाणी निघून जातं, मग तांदळाच्या पिठात घोळवून तळायचा. मंद आचेवर नाही, तापल्या तेलात. चिरायचं काम त्यांनी माझ्या हातून काढून घेतलं. त्यांचा हात माझ्यापेक्षा साफ चालत होता.

कालवण शिकवायला वेळ लागला. वाटण आधी चांगलं उकळायचं, चिंचेचा कोळ घालायचा, मासळी सगळ्यात शेवटी. ते पळी घेऊन ढवळायला लागले की मी ओरडायचे, "बाबा, मोडतील ना तुकडे! फडक्याने टोप धरा आणि गोल हलवा."

तुकडे मोडायचे थांबले. बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "तिच्यासारखं नाही."

"ती काय घालायची?"

"मला काय ठाऊक? मी नुसता जेवायचो."

काकीला विचारलं. ती म्हणाली, तुझी आई खोबरं भाजत नसे, ओलंच वाटायची, लसूण ठेचून वरून टाकायची. तसं केलं. पुढच्या रविवारी मिरची बदलली, मग चिंचेऐवजी आमसूल घातलं. दर वेळी आम्ही दोघं ताटं घेऊन समोरासमोर बसायचो, एक घास खायचो आणि एकमेकांकडे बघायचो. बाबा मान हलवायचे. मग दोघंही उरलेलं संपवायचो.

एका रविवारी त्यांनी ताट बाजूला सारलं. "हे बंद करू, बाय. ती नाही येत यात."

"मग?"

"आपलं जसं होईल तसं खाऊ."

मी बरं म्हटलं. वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. मी उठले आणि टोप घासायला घेतला.

त्यानंतर काही महिन्यांनी मला ताप आला. येत नाही म्हणून फोन केला. दुपारी दार वाजलं, तर बाबा उभे. टॉवेलात बांधलेला डबा हातात, शर्टावर रस्त्याची धूळ. माझ्या गॅसवर त्यांनी कालवण गरम केलं. पळीला हातही लावला नाही, फडक्याने टोप धरून गोल हलवलं आणि मला वाढलं.

"कसं झालंय?"

तोंडाला चव नव्हती, तरी खारटपणा कळला. "मीठ जास्त झालंय."

"मासळीला लावलेलं विसरलो. परत घातलं." त्यांनी भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. "मग भात जास्त घे."

मी भात जास्त घेतला. सगळं खाल्लं. ते समोर बसून बघत होते. नंतर ताट त्यांनीच धुतलं.

संध्याकाळच्या एसटीने ते परत निघाले. मी थांब्यापर्यंत गेले. खिडकीतून डोकं काढून त्यांनी विचारलं, "उद्या सुकट करतो. आधी धुवायची की भाजायची?"

"आधी भाजायची, मग धुवायची. वास कमी होतो."

"बरं," ते म्हणाले, आणि कंडक्टरने घंटी मारली.