भाव उतरेपर्यंत

भिसेगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांना टीव्हीवर गेम खेळायचा कन्सोल घ्यायचाय, पण ते घेत नाहीत. त्यांची सगळी नोकरी मोहोपाड्याच्या कारखान्यात झाली. "पयला माल म्हागच पडतो रं. मशीन धो धो चालली की नगामागं खर्च उतरतो. थांब जरा," असं ते मलाच समजावतात, जसा काही मी घाई करतोय.

काही वर्षं ते थांबले. मग अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्या मालावर कर वाढवला, कंपनीनं तो खर्च सगळीकडच्या गिऱ्हाइकांवर टाकला आणि कर्जतच्या दुकानात कन्सोलचा भाव उतरायच्या ऐवजी चढला. "कर तिकडं लावला, नि चटका आमाला," म्हणत काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते कन्सोलशिवाय नुसते गेमचे दोन रिमोट घेऊन आले. "भाव उतरंपर्यंत हात तरी बसंल."

आता रोज संध्याकाळी ते बंद टीव्हीसमोर बसून जीभ बाहेर काढून बटणं दाबतात. काल त्यांनी मला बोलावून दुसरा रिमोट हातात दिला. काळ्या पडद्यात आम्ही दोघंच दिसत होतो. पाचेक मिनिटांनी त्यांनी रिमोट खाली ठेवला.

"हारलास रं."

"काका, तुम्ही चीटिंग केलीत," मी म्हटलं. "परत खेळू."