न विझणारा टॉर्च

डिचोलीच्या बाजूला ज्यांच्या परसात विहीर आहे, त्यांनी हे जरा थांबून वाचा.

आज सकाळी आमची झाकून ठेवलेली विहीर उपसायला काढली. शेजारचे दत्तारामकाका नेहमी उतरतात. उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडायचा आणि ज्योत विझली तर कुणी उतरायचं नाही, ही इथली जुनी रीत. पण रॉकेल आता मिळतं कुठे? भाऊ म्हणाला, टॉर्च सोडूया, उजेडही जास्त. टॉर्च तळाशी लख्ख पेटत राहिला. काका कमरेला दोर बांधून उतरले.

थोड्या वेळाने खालून हसणं ऐकू आलं.

"काका, बरे आहात ना?"

"माका एकदम बरा वाटता," ते म्हणाले, पण जीभ जड झालेली. बादली हुकाला अडकवणंही त्यांना जमेना. वर या म्हटलं, तर पुन्हा हसले आणि कमरेचा दोर सोडायला लागले. बोटं चालत नव्हती म्हणूनच गाठ सुटली नाही.

आम्ही ओढून काढलं तेव्हा ओठ जांभळे होते, नखं निळी.

डॉक्टर म्हणाले, रक्तातला ऑक्सिजन उतरला की आधी मेंदू मंदावतो, त्यामुळे माणसाला आपण ठीक आहोत असंच वाटतं.

काका शुद्धीवर आहेत. मला कारण विचारत होते, "माका वर कित्याक ओढलात?"

तुमच्याकडे हल्ली उतरण्याआधी विहिरीत काय सोडतात?

मघाशी वाकून पाहिलं. आमचा टॉर्च खाली अजून पेटलेलाच आहे.