बर्फ वितळल्यावर

आज ओरोसच्या बाजारात भाजीवाल्या काकींनी शेपूची जुडी पुढे केली. “डाक्टरांनू, घाटावरची भाजी इली आसा. व्हयी काय?” मी ती नाकाशी धरली आणि थेट युक्रेनमधल्या एका गावच्या मैदानावर जाऊन उभा राहिलो.

तिथे मी डॉक्टरकी शिकायचो आणि रविवारी गावच्या हौशी फुटबॉल संघात गोलकीपर असायचो. हंगामातला शेवटचा सामना आम्ही नुकताच हरलो होतो. गवत थंडीने कडक झालं होतं, माझी बोटं सुन्न पडली होती. आमचा कप्तान मिकोला एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याच्या आईने सगळ्यांसाठी बीटाचं गरम सूप आणलं होतं, वर भरपूर शेपू. मला तो चमच्याने बाजूला सारताना पाहून मिकोला हसला आणि त्याने तो स्वतःच्या वाडग्यात काढून घेतला.

“हातमोजे इथेच ठेव,” तो म्हणाला. “आई धुऊन ठेवील. बर्फ वितळला की पुन्हा खेळू.”

मी हो म्हटलं. बस चुकेल म्हणून माझं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं.

बर्फ वितळण्याआधीच युद्ध सुरू झालं आणि मी वेंगुर्ल्याला घरी परतलो. मिकोला सैन्यात गेल्याचं त्याच्या आईने कळवलं. पुढे माझ्या निरोपांना उत्तरं आली नाहीत. तेव्हा तो दिवस मला नुसता एका हरलेल्या सामन्याचा वाटला होता. घरापासून इतक्या लांब कुणीतरी मला आपलं मानलं होतं, हे आता कळतं.

शिक्षण पुरं करून आता इथे ओरोसला सरकारी क्वार्टरमध्ये मी एकटाच राहतो. रविवारी शेजारचे कारकून मागच्या मैदानात फुटबॉल खेळतात. “डॉक्टर, येताय ना?” ते विचारतात.

“बघूया,” मी म्हणतो, आणि अंधार पडेपर्यंत कुंपणाशी उभा राहतो.